फाल्गुनात जास्वंदीवर पांढरा कापूस: पिठ्या दर वर्षी परत का येतो?

फेब्रुवारीचा शेवट आला की गच्चीवर जायला निमित्त लागत नाही. पहाटे अजून शाल लागते आणि दुपारी बाराला फरशी पायाला चटकते. मोगऱ्याला टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या दिसायला लागतात, छाटलेल्या कढीपत्त्याला पोपटी फुटवे येतात, रस्त्यापलीकडचा पांगारा पानं टाकून लाल झालेला असतो. आणि अशाच एखाद्या सकाळी सासूबाई परडी घेऊन खाली येतात आणि म्हणतात, "अगं, तुझ्या जास्वंदीला परत कापूस लागलाय."

२०२१ ते २०२४, सलग चार वर्षं हे वाक्य मी ऐकलं. कापूस म्हणजे पिठ्या, झाडाचा रस शोषणारी कीड. चारही वर्षं फवारलं, छाटलं, पाऊस पडल्यावर झाड पुन्हा सावरलं, मी निश्चिंत झाले, आणि पुढच्या वर्षी पहिले पाढे पंचावन्न. तुमच्याकडेही असंच होत असेल तर तुमचं औषध चुकत नाहीये, वेळ चुकतेय. आणि बहुतेक मुंग्यांकडेही दुर्लक्ष होतंय. माझं दोन्ही चुकत होतं. आम्ही पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो, कुंड्या साठेक, त्यात जास्वंदी सात. कोकणात किंवा नागपूरकडे दिवस थोडे मागेपुढे होतील, बाकी गोष्ट तीच.

आधी ते पिठ्याच आहे ना, ते बघा

पांढरं दिसलं की बाटली उचलायची, ही पहिली चूक. पिठ्या ढेकूण, म्हणजे आपण ज्याला मिलीबग म्हणतो तो, कोवळ्या शेंड्यात, पानाच्या बगलेत, कळीच्या देठापाशी बसतो. काडीने उचकलं तर कापसासारखा धागा निघतो आणि खाली तीन-चार मिलिमीटरचा मऊ, चपटा, लंबगोल किडा दिसतो. चिरडला की बोटाला गुलाबी-लालसर पाणी लागलं तर तो जास्वंदीवर हमखास येणारा गुलाबी पिठ्या. त्याची आणखी एक खूण म्हणजे शेंडा आखडतो, पानं बारीक होऊन एकात एक गुंततात आणि मिरचीवरच्या बोकड्या रोगासारखा गुच्छ होतो. किड्याची लाळच झाडाला बाधते, म्हणून किडा मेला तरी तो शेंडा सरळ होत नाही. त्याची वाट बघू नका.

पांढरी पावडर पानावर सपाट पसरलेली असेल आणि बोटाने पुसली जात असेल, तर ती भुरी, म्हणजे बुरशी. फांदी हलवल्यावर बारीक पांढरे जीव भुर्रकन उडाले तर पांढरी माशी.

चौथी शक्यता मला तीन वर्षं माहीत नव्हती. ते आठवलं की अजून वाईट वाटतं. पिठ्यांच्या गर्दीत कधी कधी एक मोठा, लांब पांढरे झुपके असलेला किडा दिसतो. वाटतं, हा यांचा म्होरक्या. मी असे कित्येक चिमटीत धरून चिरडले. ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची, अळी असते आणि ती पिठ्याच खाते. अंगावर मेण घेऊन ती त्यांच्यासारखीच दिसते. ओळख सोपी आहे: काडी लावली की पिठ्या जागचा फारसा हलत नाही, ही मात्र तुरुतुरु चालायला लागते. हा ढालकिडा मूळ ऑस्ट्रेलियाचा. आपल्याकडे तो १८९८ मध्ये कॉफीच्या मळ्यांतल्या किडींसाठी आणला गेला आणि आज द्राक्षबागांतही पिठ्यासाठी सोडतात. फुकटात गच्चीवर आला असेल तर त्याला मारू नका.

परत का येतो

कारण तो गेलेलाच नसतो. आपल्याला दिसतो तो कापूस, म्हणजे मादीने अंड्यांभोवती केलेली पिशवी. एका पिशवीत काही शे अंडी असतात आणि तिच्यावरच्या मेणामुळे पाणी, साबण, कडुनिंबाचं तेल, काहीही आत जात नाही. अंड्यातून निघालेली पिल्लं मात्र पहिले काही दिवस उघडी असतात, अंगावर मेण नसतं. औषध लागतं ते या पिल्लांना. आपण रविवारी एकदा फवारतो, मोठे किडे मरतात, हात झटकतो. पुढच्या रविवारपर्यंत अंडी फुटलेली असतात. उन्हाळ्यात अंड्यापासून मादीपर्यंतचा सगळा फेरा साधारण महिन्याभरात पुरा होतो.

थंडीत हा फेरा मंदावतो. थोडे जीव सालीच्या भेगांत, कुंडीच्या काठाखाली, पाणी निघायच्या भोकात आणि मातीत मुळांपाशी दबून राहतात. माझ्याकडे एक जागा भलतीच निघाली. झाडाला आधार द्यायला बांबूची काठी लावून मी सुतळीने आठ-दहा गाठी मारल्या होत्या. २०२४ च्या पावसाळ्याआधी ती सुतळी सोडवली, तर प्रत्येक गाठीच्या आत पांढरं. झाड मी वर्षानुवर्षं धुवत होते आणि सुतळी तीच! आता जुन्या सुती साडीच्या चिंध्या बांधते आणि दर छाटणीला फेकून देते.

आणि मुंग्या. पिठ्या रस शोषतो आणि गोड चिकटा बाहेर टाकतो. पानं हाताला चिकट लागतात ती त्याने, आणि पुढे त्यावरच काळी काजळी धरते. हा चिकटा मुंग्यांचं खाणं. त्याच्या बदल्यात त्या पिठ्याची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकावतात, पिल्लं उचलून दुसऱ्या फांदीवर नेतात. गुराख्याने गुरं वळावीत तसं. मला हे वाचून ठाऊक होतं, पण पटलं ते २०२५ च्या जानेवारीत. कुंडी बदलायला सगळ्यात मोठी जास्वंद आडवी केली, तर तळाच्या भोकातून मुंग्यांची रांग बाहेर पडली, तोंडात अंडी. मातीचा गोळा सोडवला तर मुळांच्या जाळीत पांढरे ठिपके. वर झाड हिरवंगार, एक डाग नाही, आणि खाली सगळी बिऱ्हाडं सुखात.

पंचांग की थर्मामीटर

"होळी जळाली, थंडी पळाली" हे डोक्यात इतकं पक्कं होतं की बागेचं वेळापत्रकही मी त्यावरच बसवलं होतं. होळीच्या आसपास पिठ्या येतो, म्हणून होळीच्या आठवड्यात कडुनिंबाचं तेल. २०२३ ला होळी ६ मार्चला होती, थोडक्यात निभावलं. २०२४ ला ती २४ मार्चला आली. मी शांतपणे वाट बघत बसले आणि पाच जास्वंदी हातच्या गेल्यासारख्या झाल्या. मग वहीतल्या जुन्या नोंदी काढल्या. पहिला पांढरा ठिपका चारही वर्षं फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा पहिला, एवढ्यातच दिसला होता. होळी महिनाभर मागेपुढे होते, कीड होत नाही. तिला तिथी कळत नाही. सकाळी पंधरा अंश आणि दुपारी तेहतीस-चौतीस असं सुरू झालं की ती हलते. नेमकी त्याच वेळी झाडाला कोवळी पालवी फुटते, म्हणजे पंगत मांडूनच ठेवलेली.

म्हणून आता माझं काम संक्रांतीनंतरच्या रविवारी सुरू होतं. संक्रांत दर वर्षी १४-१५ जानेवारीलाच येते, त्यामुळे ती लक्षात ठेवायला सोयीची. सूर्यावर चालणारा सण आहे, किडीसारखाच.

जानेवारीत काय करते

प्रत्येक जास्वंदीची कुंडी उचलून तळ बघते. मुंग्या असतील तर झाड बाहेर काढून मुळं पाण्याखाली धुते, जुनी माती वापरतच नाही, कुंडी साबणाने घासून दोन दिवस उन्हात पालथी टाकते. नव्या मातीत कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड. छाटणी याच वेळी, एक तृतीयांश उंचीपर्यंत खाली. छाटलेल्या फांद्या कंपोस्टमध्ये टाकायच्या नाहीत. जाड पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून गच्चीच्या भर उन्हात दोन-तीन दिवस ठेवायच्या, मग कचऱ्यात.

खताचा मोह आवरायचा. पूर्वी मी वसंतात भरभरून फुलं यावीत म्हणून जानेवारीतच युरिया आणि मोहरीच्या पेंडीचं पाणी द्यायचे. पालवी अशी लुसलुशीत यायची की समोरच्या काकू विचारायच्या, "काय घालतेस गं?" तीच पालवी पिठ्याला सगळ्यात आवडते. आता फेब्रुवारी-मार्चमध्ये फक्त गांडूळखत, तेही दोन मुठी. फुलं थोडी उशिरा येतात, पण येतात. (केळीच्या सालींच्या पाण्याबद्दल मला विचारू नका, आमच्या घरात त्यावरून दोन तट आहेत.)

मग मुंग्यांचा बंदोबस्त. दुधाच्या पातेल्याला मुंग्या लागू नयेत म्हणून आपण ते पाण्याच्या परातीत ठेवतो, तेच इथे. कुंडी तीन पायांच्या लोखंडी स्टँडवर, आणि प्रत्येक पाय पाणी भरलेल्या वाटीत. पाण्यात साबणाचे चार थेंब टाकायचे आणि आठवड्याला बदलायचं, नाहीतर पिठ्या जाऊन डास येतील. स्टँड नसेल तर खोडाला वीतभर चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीनचा जाड थर द्यायचा. थेट सालीवर लावायचं नाही. उन्हाने ते वितळतं, म्हणून दहा दिवसांनी पुन्हा. आणि पूल तोडायचे! एक पान जरी कठड्याला, भिंतीला किंवा शेजारच्या कुंडीला टेकत असेल तर मुंग्या तिथून येतात. माझी पहिली चिकटपट्टी वाया गेली ती कपडे वाळत घालायच्या दोरीमुळे. एक फांदी दोरीला लागत होती आणि मुंग्या दिमाखात दोरीवरून ये-जा करत होत्या.

वारूळ कुठे आहे ते सापडत नसेल तर आमिष. अर्धा कप पाणी, दोन चमचे साखर, त्यात टाकणखार, पण फक्त एक ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मोठी चिमूट. जास्त घातला तर मुंगी वाटेतच मरते. ती ते घेऊन घरी पोचली पाहिजे, तरच सगळ्यांपर्यंत जातं. कापसाचा बोळा त्यात भिजवून भोकं पाडलेल्या डबीत बंद करून ठेवायचा. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर हा प्रकार करूच नका, वाट्या पुरेत.

आधीच लागला असेल तर

एक-दोन शेंड्यांवरच असेल तर कापसाची काडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक किड्याला लावायची. स्पिरिटने मेण सुटतं आणि किडा तपकिरी पडतो. वेळखाऊ आहे, पण सकाळच्या चहाबरोबर होतं.

जास्त असेल तर आधी गुच्छ झालेले शेंडे कापून पिशवीत. मग मातीवर प्लास्टिक झाकून पाण्याच्या जोरदार धारेने झाड धुवायचं, जुना टूथब्रश घेऊन बगला घासायच्या. प्लास्टिक विसरलात तर धुतलेली पिल्लं मातीत पडतात आणि परत वर चढतात. हे धुणं निम्मं काम करतं. लोक ते सोडून थेट फवारणीवर जातात, आणि मग तेलाला नावं ठेवतात.

झाड सुकल्यावर, त्याच दिवशी सूर्य मावळल्यावर फवारणी. एक चमचा, म्हणजे पाच मिली कडुनिंबाचं तेल, अर्धा चमचा भांड्यांचं लिक्विड. आधी हे दोन्ही वाटीत घोटायचं, मग थोडं कोमट पाणी घालून दुधासारखं झालं की एक लिटर करायचं. तेल थेट पाण्यात ओतलं तर वर तरंगतं, पहिल्या फवाऱ्यात नुसतं पाणी आणि शेवटच्या फवाऱ्यात नुसतं तेल, पानं भाजतात. थंडीत तेल थिजलेलं असेल तर बाटली उन्हात ठेवा. लिक्विड नको असेल तर दहा-बारा रिठे रात्रभर भिजवून सकाळी उकळून गाळलेलं पाणी चालतं. कपडे धुवायची पावडर नको. आधी एका फांदीवर मारून दुसऱ्या दिवशी बघा, काही जातींची पानं लगेच करपतात.

आणि आता महत्त्वाचं: हेच पुन्हा सहाव्या-सातव्या दिवशी, पुन्हा तेवढ्याच दिवसांनी, एकूण चार वेळा. पांढरं दिसत नसलं तरी. दुसऱ्या फवारणीनंतर झाड स्वच्छ दिसतं आणि तिथेच माणूस थांबतो. मी तीन वर्षं तिथेच थांबत होते.

नर्सरीवाले दादा इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक देतात, "एकदा टाका ताई, वर्षभर बघायला नको." टाकलं तर पिठ्या मरतो हे खरं. पण ते झाडाच्या रसात जातं, तिथून मकरंदात, आणि आमच्या जास्वंदीवर रोज सकाळी शिंजीर येतो, मधमाश्या येतात. फुलं देवाला जातात, नातवंडं ती हातात घेऊन खेळतात. मी आणत नाही. सातच झाडं आहेत, हाताने जमतं.

व्हर्टिसिलियमचं पाकीटही आणून झालं. ही किडीवर वाढणारी बुरशी, औषध चांगलं आहे, पण तिला हवेत भरपूर ओल लागते. मार्चमधल्या पुण्याच्या कोरड्या हवेत ती रुजलीच नाही. श्रावणात मारली असती तर गोष्ट वेगळी. सासूबाईंच्या सांगण्यावरून राखही टाकून पाहिली. राखेने मुंग्या दोन दिवस बिचकल्या, पिठ्याला काहीही झालं नाही. हळदीची रेघही तशीच.

नवीन रोप घरी आणलं की ते तीन आठवडे बाथरूमच्या खिडकीत एकटं ठेवते. २०२२ चा पिठ्या एका सुंदर दुहेरी पिवळ्या जास्वंदीबरोबर आला होता आणि ती मी आणल्या आणल्या बाकीच्यांच्या मधोमध बसवली होती. पेरू, सीताफळ, वांगी, भेंडी यांच्यावरही तो जातो. गच्चीवर असतील तर त्यांचेही शेंडे बघा. इमारतीच्या कडेला गाजरगवत वाढलं असेल तर तेही उपटून टाका, तिथेही त्याचं बिऱ्हाड असतं.

पिठ्या नाही, तरी कळ्या गळतात

ही दुसरी तक्रार, आणि ती याच दिवसांतली. गळलेली कळी नखाने उभी चिरा. आत बारीक पिवळट अळ्या असतील तर कळीत अंडी घालणारी माशी; रोज पडलेल्या कळ्या वेचून पिशवीत बांधायच्या, मातीवर राहू द्यायच्या नाहीत, कारण अळी मातीत जाऊन कोष करते. कळी आतून स्वच्छ असेल तर प्रश्न बहुतेक पाण्याचा. जानेवारीत दिवसाआड पाणी चालतं, मार्चमध्ये काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला ते पुरत नाही, आणि आपला हात मात्र जुन्या सवयीने चालतो. एक दिवस माती कडक, दुसऱ्या दिवशी चिखल, की कळ्या टाकल्याच. बोट दोन पेरं मातीत घालून बघा आणि सकाळीच पाणी द्या. कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं तर फार फरक पडतो. जुनी खालची पानं पिवळी पडून गळत असतील तर त्यात काही नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये सातांपैकी एकाच जास्वंदीवर, एकाच फांदीला कापूस दिसला. मी स्पिरिट आणि काडी घेऊन बसले होते, सासूबाई शेजारी फुलं तोडत होत्या. त्यांनी नेहमीप्रमाणे एक जाडसर पांढरा किडा चिमटीत धरायला हात पुढे केला.

"आई, थांबा थांबा. तो नका मारू."

"का गं? एवढा माजलाय."

काडी लावून बघितली. ढालकिड्याची अळी नव्हती ती, चपटी होती, गोगलगाईसारखी सरकणारी, अंगावर पिठ्यांचंच पीठ माखलेलं. ती एका फुलपाखराची अळी निघाली, इंग्रजीत ज्याला एपफ्लाय म्हणतात त्याची. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या पानं खातात, ही मात्र पिठ्या खाते. त्या फांदीला मी हात लावला नाही. फक्त खोडावरचं व्हॅसलीन नवं केलं, मुंग्यांनी तिला छळू नये म्हणून. काही दिवसांत फांदीवरचा कापूस विरळ झाला आणि एका पानावर साबुदाण्याहून थोडा मोठा तपकिरी कोष दिसला. सासूबाईंनी चष्मा लावला, पान हळूच वाकवून बराच वेळ बघितलं. त्या कोषावर डोळे, नाक, फुगलेले गाल, सगळं माकडाच्या तोंडासारखं उमटलेलं असतं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हा तर मारुतीच की." आणि परडीतलं एक फूल काढून त्याच कुंडीत ठेवलं.